झोपेची राखण

माझा स्वभाव मुळातच तापट. आई म्हणायची, ही पोट्टी ऐन मिरच्या वाळवायच्या दिवसात झाली, त्याला कोण काय करणार. अशा माणसानं विमानात हसतमुखानं पाणी वाटायची नोकरी धरली, हे गावाला शेवटपर्यंत पटलं नाही. आमचं गाव नागभीडपासून आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली. घरी थोडी धानाची शेती आणि तलावातली मासेमारी. बाबा जाळं टाकायचे, आई टोपलं घेऊन नागभीडच्या बाजारात बसायची आणि भाव पाडून मागणाऱ्याला अशी नजर टाकायची की तो जास्तीचे मासे घेऊन जायचा. माझा तापटपणा कुठून आला ते वेगळं सांगायला नको.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला स्वस्त तिकिटांच्या विमान कंपन्या निघाल्या, त्यातल्या एकीनं नागपुरात मुलाखती घेतल्या आणि मी निवडली गेले. गावात बातमी पसरली ती अशी की मासेवाल्याची पोरगी विमानात कंडक्टर लागली. मी सुरुवातीला समजावून सांगायचे, की तिकिटं आम्ही फाडत नाही. मग सोडून दिलं. तशीही दारं लावणं, माणसं मोजणं, भांडणं सोडवणं आणि उलटी होणाऱ्याला पिशवी देणं हेच काम होतं. बसमध्ये निदान खिडकी उघडता येते.

पहिला हिवाळा लागेपर्यंत सगळं झकास होतं. डिसेंबरात दिल्लीचं धुकं सुरू झालं आणि आमची वाट लागली. धुक्याचं असं असतं, की ते दिल्लीत पडतं आणि मार नागपुरातली माणसं खातात. सकाळचं विमान दुपारी येणार, दुपारचं कधी येणार ते कुणालाच ठाऊक नाही. प्रवासी आत बसलेले, दार लागलेलं, आणि विमान जागच्या जागी. लोक मला असे जाब विचारायचे, जणू मी सकाळी उठून पदरातलं धुकं दिल्लीवर पसरून आले होते. एका बाईंनी तर सुचवलं, "पायलटला म्हणावं, जरा खाली वाकून चालवा."

त्यात आमच्या तासांची भानगड. विमानातल्या माणसांनी किती तास काम करावं याचा नियम असतो. तास संपले की पायलट असो नाहीतर आम्ही, विमान हलवता येत नाही, मग धुकं निवळून लख्ख ऊन का पडलेलं असेना. त्यामुळे धुकं विरळ झालं की एकच धांदल उडायची. लवकर दार लावा, लवकर बेल्ट तपासा, कॅप्टनचे तास संपायला आले. आणि एवढं करून तास संपलेच, तर प्रवाशांना ते सांगायचं काम माझं. समोर धडधाकट पायलट बसलाय, बाहेर ऊन आहे आणि ही पोरगी सांगते की तो आता चालवू शकत नाही. लोकांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर पाण्याचा पेला फेकून मारला असता.

कागदावर आमची विश्रांती पूर्ण व्हायची. कागदाला झोप लागत नसल्यामुळे त्याला काही फरक पडत नव्हता. आम्ही मुली नागपुरात एका खोलीत राहायचो. प्रत्येकीची ड्युटी वेगळ्या वेळेला, प्रत्येकीचा गजर वेगळा, आणि प्रत्येकीच्या उशाशी मोबाईल, कारण ड्युट्या लावणारे साहेब कधीही फोन करायचे. एकीचा फोन वाजला की सगळ्या उठून बसायच्या आणि जिचा वाजला तिच्याकडे बघून, आपला नाही म्हणून, पुन्हा आडव्या व्हायच्या. माझ्या शेजारच्या खाटेवर अमरावतीची मुलगी होती. ती झोपेतसुद्धा "हो सर, निघाले सर" म्हणायची.

अशाच एका आठवड्याच्या शेवटी माझ्या हातून ते घडलं. दिल्लीहून परत येताना उतरायची घोषणा करायला मी माईक घेतला आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, की थोड्याच वेळात आपण नागभीडला उतरत आहोत. इतकंच नाही, तर नागभीडचं तापमानही सांगितलं. प्रवासी माझ्याइतकेच पेंगुळलेले, कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त मधल्या रांगेतले एक गृहस्थ ताठ बसले आणि मी जवळून जाताना हळूच म्हणाले, "मॅडम, असं असेल तर मले ब्रह्मपुरीले सोडता येते काय पाहा न. तिथून घर जवळ पडते."

हसण्यावारी गेलं असतं, पण आमच्या सुपरवायझर बाई त्याच विमानात होत्या. त्यांनी मला खाली उतरल्यावर सांगितलं, की माझी नोकरी अजून कच्ची आहे. मार्चमध्ये कायम करायचं की नाही ते ठरेल. आज नाव चुकलं, उद्या दार चुकेल. आणखी एक चूक झाली, तर कायम करणार नाही. मला राग आला, पण बाईंचं खरं होतं, आणि खरं असलं की माझा राग जास्तच वाढतो. नोकरी मला जीवापाड आवडत होती. सुटीचा एक दिवस मिळाला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी हजर व्हायचं होतं. खोलीत झोप लागणार नव्हती. मी सकाळची छोटी गाडी पकडली आणि गावी निघाले.

ती छोट्या रुळांची गाडी इतकी सावकाश चालायची, की मध्ये उतरून बोरं वेचून पुन्हा चढता यायचं. मी बसल्या बसल्या झोपले. नागभीड शेवटचं स्टेशन, त्यामुळे पुढं निघून जायची भीती नव्हती. तिथं मला डबे झाडणाऱ्या बाईंनी उठवलं.

घरी पोचले, आईनं तोंडाकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काऊन वं, बिमार हाय काय?"

"नाई. झोप नाई झाली."

"किती रोजची?"

मी आठवून पाहिलं आणि मला आठवेना. मग चहा पिता पिता मी तिला नागभीडची गंमत सांगितली. मला वाटलं ती हसेल. बाबा हसले. आई हसली नाही. तिनं विचारलं, "म्हंजे उभ्या उभ्या झोपून राह्यली तू? आकाशात?"

इथं आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे. धान निघालं की आमच्याकडे त्याच बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, लाखोळीची डाळ आणि हरभरा असतो, आणि रानडुकरांना हे आमच्या आधी माहीत असतं. त्यामुळे गावातले काही जण रातच्याला मचाणावर बसून जागल करतात. जो जागल करतो तो जागल्या. आणि जागल्या दिवसा झोपला, की त्याला कुणी उठवायचं नाही, हा गावचा कायदा. जेवायलासुद्धा नाही. सोयरे आले तरी नाही. जागल्याची झोप मोडली तर तो रात्री पेंगतो, आणि तो पेंगला की डुकरं कुणाच्या बांधीत शिरतील याचा नेम नाही. म्हणून त्याच्या झोपेची काळजी सगळ्या गावाला.

आईनं चहाची कपबशी उचलता उचलता निकाल देऊन टाकला. मी जागल्या होते. माझ्या राखणीत एक अख्खं विमान माणसं होती, आणि माझी झोप झालेली नव्हती. ती उठली आणि शेजारपाजारी सांगून आली. थोड्याच वेळात गाव असं शांत झालं, की मला कसंतरीच वाटायला लागलं. पलीकडची मळणी थांबली. नळावरच्या बायका कुजबुजत भांडायला लागल्या. पोट्टे पाळीवर हाकलले गेले.

तरी आईचं समाधान होईना. तिनं मोठेबाबांना बोलावलं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गावातले सगळ्यांत नावाजलेले जागले. त्यांच्या राखणीतल्या बांधीत डुक्कर शिरल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ते घोंगडी पांघरून, काठी आणि रॉकेलचा रिकामा डबा घेऊन आले आणि माझ्या खोलीच्या दारात उन्हाला बसले. म्हणाले, "निजून जाय बाई. मी हाओ."

मी अंगावर वाकळ ओढली, डोळे मिटले आणि दारात डबा वाजला. ढणढणढण. मागोमाग मोठेबाबांची आरोळी, "हुर्र्र हो!"

मी उठून बसले. बाहेर एक कोंबडी दाराच्या दिशेनं आली होती.

पुन्हा आडवी झाले. थोड्या वेळानं पुन्हा डबा. या वेळी कोंबडी वगैरे काही नव्हती. मी दारात जाऊन विचारलं, "मोठेबाबा, आता काय झालं?"

"काई नाई. राखण चालू हाय."

त्यांचंही बरोबर होतं. आयुष्यभर त्यांनी राखण केली ती आवाज करून. गप्प बसलेला जागल्या म्हणजे झोपलेला जागल्या, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. डबा वाजला नाही, तर डुकरांना आणि गावाला कसं कळणार की कुणी बसलंय? मोठेबाबांना माझ्या झोपेची राखण दिली होती आणि ती ते प्रामाणिकपणे करत होते. मधून मधून गल्लीतून जाणाऱ्याला ते खणखणीत आवाजात बजावत, "पोरगी झोपून हाय! हल्ला करू नका!" मग गोंगाट होऊ नये म्हणून डबा वाजवत.

मी आईकडे गेले. तिला म्हटलं, यांना उठव नाहीतर मी नागपूरला जाते. आई म्हणाली, "ते तुयासाठी बसले हायेत. मी कशी उठवू? तूच सांग त्याईले." आता थोरल्या काकांना, घोंगडी पांघरून आपल्यासाठी बसलेल्या माणसाला, चालते व्हा असं कोण सांगणार? माझा तापटपणा प्रवाशांपुढं चालत नव्हता, इथं तर त्याहून चालेना. मी तणतणत पुन्हा खाटेवर पडले.

त्याआधी एक काम मात्र केलं. गावात मोबाईलला रेंज नव्हती. ती मिळायची फक्त तलावाच्या पाळीवर, पळसाच्या झाडाजवळ. फोन लागला नाही तर ऑफिसात मुद्दाम बंद ठेवला असं धरायचे, आणि माझी नोकरी आधीच एका दोरीला लोंबत होती. मी फोन आईच्या हातात दिला. तिला जाळी दुरुस्त करायला पाळीवरच बसायचं होतं. बजावून सांगितलं, साहेबांचा फोन आला, की हिरवं बटण दाब, "थांबा" म्हण आणि धावत येऊन मला उठव. आईनं फोन कमरेला खोचला आणि गेली.

मग मी डबा ऐकत पडले. ढणढणढण. हुर्र्र हो. लहानपणी थंडीत बाबांबरोबर मचाणावर झोपायचे, तेव्हा हाच आवाज कानाशी असायचा आणि मला त्यानं कधी जाग आली नव्हती. उलट तो थांबला तर मी दचकून उठायचे. कितीतरी दिवसांनी मला वाटलं, की कुणीतरी जागं आहे, तेव्हा आता मी नसले तरी चालेल. डोळ्यांत पाणीच आलं. पुढचा डबा वाजलेला मला आठवत नाही.

फोन आला तो भर दुपारी. त्या फोनवर काय झालं ते मला पुढं दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं, आणि दोघांच्याही सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता, म्हणून ते खरंच असावं. साहेबांनी मॅडमना फोन द्या म्हटलं.

"मॅडम झोपून हाय," आई म्हणाली.

"मग उठवा."

"नाई उठवत."

"अहो, तातडीचं आहे."

"काऊन, डुक्कर आले काय?"

साहेबांनी डुकरांचा विषय बाजूला ठेवून सांगितलं, की दिल्लीच्या धुक्यानं सगळ्या वेळा कोलमडल्यात, संध्याकाळच्या विमानाला माणूस कमी आहे.

"माणसं काऊन कमी हायेत?"

"सगळे दमलेत. तास संपलेत त्यांचे."

"मंग हे बी दमलीच हाय न. ते जागल्या हाय. जागल्याले आमच्या इथी उठवत नाई. तुमी दुसरा जागल्या पाहा." आणि फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "तुमी केवा निजले होते, बाबू?"

मग आईनं लाल बटण दाबलं आणि जाळं पुढं ओढलं.

मला जाग आली तेव्हा कोंबडे आरवत होते. मला वाटलं संध्याकाळ झाली. बाहेर आले तर दुसऱ्या दिवशीची सकाळ, पाळीवर धुकं, चुलीवर गरम पाणी, आणि दारात मोठेबाबा घोंगडीत तसेच. रात्री मचाणावर त्यांनी आपल्या बदली दुसऱ्या कुणाला पाठवलं होतं. आई मासे साफ करत होती. तिनं राखेच्या हातानं खवले निपटता निपटता मला फोनचं सांगितलं, जसं कुणी परवा बाजारात वांगी महाग होती म्हणून सांगावं.

मी जी भडकले ती विचारू नका. आमची नोकरी म्हणजे तुझा मासळीबाजार नाही, मार्चमध्ये मला काढून टाकतील, मग मी काय तुझ्या शेजारी टोपलं घेऊन बसू का, असं काय काय बोलले. मोठेबाबांनी सवयीनं डबा हातात घेतला होता, तो हळूच खाली ठेवला. आईनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"उठवली असती त गेली असती?" तिनं विचारलं.

"हो. गेलीच असती."

"म्हणूनच नाई उठवलं," ती म्हणाली आणि मासा धुवायला घेतला.

मी न जेवता निघाले. बसमध्ये सगळी वाट मी साहेबांसमोर काय बोलायचं त्याची उजळणी करत होते. माफी मागायची, आई अडाणी आहे म्हणायचं, पुन्हा होणार नाही म्हणायचं. आई अडाणी आहे हे मनातल्या मनात म्हणतानासुद्धा जिभेला बोचत होतं. आणि सगळ्यात चीड याची, की डोकं इतकं स्वच्छ होतं! खिडकीबाहेरची झाडं एकेक वेगळी दिसत होती. महिनाभर मला झाडं वेगळी दिसली नव्हती.

साहेब त्यांच्या खोलीत होते. डोळे लाल, शर्ट कालचाच, टेबलावर चहाचे कप एकात एक घातलेले. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "तुमच्या आईंशी बोलणं झालं माझं."

"सॉरी सर."

"त्यांनी मला विचारलं, मी केव्हा झोपलो होतो. मला सांगताच आलं नाही हो." ते थोडं हसले. मग म्हणाले, "जा, तयार व्हा. तुम्ही एकट्याच आहात आज जाग्या दिसणाऱ्या." मेमो मिळाला नाही. मला वाटतं, तो टाईप करायला कुणी जागं नसावं. मार्चमध्ये मला कायम केलं, हेही इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जीवाला घोर नको.

पण त्या दिवशी तयार व्हायला खोलीवर गेले, तर अमरावतीची मुलगी खाटेवर बसलेली, उजवा हात बोटांपासून मनगटापर्यंत पांढऱ्या पट्टीत. आदल्या दिवशी माझ्यानंतरचा फोन तिला गेला होता. त्या फोनच्या तासभरच आधी ती एक विमान करून आली होती, पण कागदावर तिचे तास शिल्लक होते. फोन उशाशी वाजला, ती "हो सर, निघाले सर" म्हणाली आणि निघाली. ते विमान धुक्यामुळे किती तरी वेळ उभंच राहिलं. शेवटी सुटलं, तेव्हा चहाला गरम पाणी काढताना तिला उभ्या उभ्या डुलकी लागली, आणि नळाखाली भांड्याच्या जागी तिचा हात राहिला. ती मला म्हणाली, "तू बरी वाचलीस." तिच्या मनात काही नव्हतं, तिनं सहज म्हटलं. मी तिची वेणी घालून दिली, कारण तिला एका हातानं येत नव्हती, आणि कामावर गेले. त्या दिवशी मी एकही नाव चुकले नाही.

पुढच्या सुटीला गावी गेले तेव्हा लाखोळीला निळी फुलं आली होती. आईशी माझा अबोला होता, पण तो चहापर्यंतच टिकला. मी तिला त्या मुलीच्या हाताचं सांगितलं. माझ्या बदली ती गेली होती, हेही सांगितलं. आई जाळ्याचा दोरा ओवत होती. तो तिनं ओवून पुरा केला.

"तिले आई नाई काय?"

"हाय न. अमरावतीले."

"मंग तिचा फोन तिच्या आईनं काऊन नाई उचलला?"

तिच्या आईला मुलीच्या भाजलेल्या हाताचंसुद्धा अजून माहीत नव्हतं. घरी काळजी करतील, म्हणून ती रोज फोनवर सांगत होती, की सगळं छान आहे आणि झोप भरपूर होते.